सवाईच्या आठवड्यात पुण्यात गाणं ऐकायला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी पुण्यात पेटी वाजवतो. पंचवीसेक वर्षं साथीला बसतो आहे, बहुतेक छोट्या बैठकांमध्ये. ‘सवाई’ म्हणजे डिसेंबरात पुण्यात होणारा शास्त्रीय संगीताचा पाच दिवसांचा महोत्सव. दिवाळी सरली की मुंबई-नाशिकचे मित्र, विद्यार्थ्यांचे पालक, नाताळच्या सुट्टीत परदेशातून येणारे नातेवाईक यांचे फोन सुरू होतात. प्रश्न दरवर्षी जवळपास तेच असतात, म्हणून एकदा नीट उत्तरं लिहून ठेवतो आहे. मी संयोजकांपैकी नाही. तिकिटं, कलाकारांचा क्रम आणि नेमक्या वेळा यांबाबत महोत्सव भरवणारं आर्य संगीत प्रसारक मंडळ जे जाहीर करेल तेच खरं धरा. बाकीचं, म्हणजे ऐकायचं कसं आणि आठवडा घालवायचा कसा, ते मी सांगतो.

‘सवाई’ हे नाव कोणाचं?

रामभाऊ कुंदगोळकरांचं. धारवाडजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ हे किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. मराठी संगीत रंगभूमीवर त्यांनी स्त्री-भूमिका गाजवल्या आणि लोक त्यांना ‘सवाई गंधर्व’ म्हणू लागले. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन जोशी हे त्यांचे शिष्य. १९५२ साली ते गेले आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, पुण्यात त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त हा महोत्सव सुरू झाला. पंडित भीमसेन जोशींनी तो आयुष्यभर सांभाळला. २०११ च्या जानेवारीत पंडितजी गेले, आणि त्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव जोडलं गेलं: सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. पुणेकर मात्र अजूनही नुसतं ‘सवाईला चाललोय’ असंच म्हणतात.

गुरूच्या नावाने शिष्याने चालवलेला उत्सव, हे त्याचं मूळ लक्षात ठेवा. फिरोज दस्तूर आणि गंगूबाई वर्षानुवर्षं इथे गायला यायचे ते याच नात्याने.

कधी असतो, कुठे असतो?

डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, बुधवार ते रविवार असे पाच दिवस. कित्येक वर्षं तो शनिवारवाड्याजवळ रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा. २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात होतो. २०२० आणि २०२१ ही करोनाची दोन वर्षं तो झाला नाही.

अलीकडच्या वर्षांत बुधवार ते शुक्रवार दुपारी तीनच्या सुमारास सुरुवात होते आणि रात्री दहाला कार्यक्रम संपतो. शनिवारी थोडं उशिरा सुरू होऊन मध्यरात्रीपर्यंत चालतो. रविवारी दुपारी बाराच्या आसपासच सुरुवात होते. या वेळा मुद्दाम सांगतोय, कारण पुढची बरीच उत्तरं त्यांवरच उभी आहेत.

पूर्वी रात्रभर चालायचा. आता का नाही?

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यानुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती बारापर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. शनिवारची मध्यरात्र त्यातूनच मिळते.

मी शाळकरी वयात रमणबागेत सतरंजीवर रात्र काढलेली आहे. आईच्या शालीत गुरफटून झोपायचो आणि मध्येच कोणीतरी हलवून उठवायचं, ‘ऊठ, पंडितजी बसले.’ उठून पाहावं तर आभाळ फटफटायला लागलेलं असायचं. त्या रात्रींबरोबर काही रागही मागे पडले, ही खंत मला आहेच. दरबारी कानडा, अडाणा, सोहनी हे उत्तररात्रीचे राग आता मोठ्या मंडपात क्वचित कानावर पडतात. पहाटेचा ललित तर जवळजवळ नाहीच. घड्याळात न बसणारा राग कलाकारही शक्यतो मांडत नाही.

पण त्याच घड्याळाने दुपार उघडली, आणि तिच्याकडे लोकांचं लक्ष फारसं गेलेलं नाही.

मोठी नावं तर रात्री असतात. मग तीन वाजता कशाला यायचं?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ‘आम्ही साडेसहाला येतो, चालेल ना?’ असं लोक विचारतात. चालतं. पण माझं ऐकाल तर पाचांतले निदान दोन दिवस तीनला मंडपात बसलेले असा.

पहिलं कारण राग. आपल्याकडे बहुतेक मैफली संध्याकाळी सहा-साडेसहाला सुरू होतात. नोकरदार शहराची ती सोय आहे. त्यामुळे वर्षभर आपण यमन, भूप, शुद्ध कल्याण, बिहाग, बागेश्री, मालकंस हेच ऐकत राहतो. दुपारचे राग प्रत्यक्ष मैफलीत ऐकायची संधी फार थोडी मिळते. सवाईत तीनला बसणारा कलाकार मुलतानी गातो, भीमपलास गातो, पटदीप गातो, मधुवंती गातो. मुलतानीतला तो कोमल गंधार आणि त्याला लागून येणारा तीव्र मध्यम, बाहेर अजून ऊन असताना, कनातीच्या फटीतून उजेडाची तिरीप येत असताना ऐकून पाहा. तोच राग रात्री घरी मोबाइलवर ऐकलात तर निराळा वाटतो. रविवारी तर बाराला सुरुवात असते, म्हणजे वृंदावनी सारंग, शुद्ध सारंग, गौड सारंग यांची वेळ. एवढ्या मोठ्या व्यासपीठावर भर दुपारचा सारंग ऐकायला वर्षात दुसरा दिवस मिळणं कठीण.

मग साडेपाच-सहाच्या सुमारास उजेड उतरतो आणि मारवा, पूरिया, पूरिया धनाश्री, श्री यांची घटका येते. संधिप्रकाशाचे राग खऱ्या संधिप्रकाशात! बंद नाट्यगृहात हे कधीच मिळत नाही. साडेसहाला येणाऱ्याचा हा सगळा भाग हुकतो.

दुसरं कारण गाणारा. तीनच्या ठोक्याला बहुधा तरुण कलाकार बसतो. या व्यासपीठावर एकदा गायला मिळावं म्हणून त्याने पंधरा-वीस वर्षं रियाज केलेला असतो. समोर अर्ध्याअधिक खुर्च्या रिकाम्या असतात आणि माणसं अजून रिक्षातून उतरत असतात. मी साथीदार आहे, म्हणून हे जवळून सांगू शकतो: षड्ज, म्हणजे ‘सा’, लावताना गायक समोर बघतो. पहिल्या दोन-तीन ओळींत बसलेल्या आठ-दहा माणसांची मान हलली की त्याचा श्वास खाली उतरतो, आलापी सैल होते, जागा, म्हणजे स्वरांची नवी वळणं, सुचू लागतात. ती आठ-दहा माणसं तुम्ही व्हा. पुढे दहा वर्षांनी तोच कलाकार रात्री नऊला बसेल तेव्हा तुम्हाला त्याची पहिली मुलतानी आठवेल. मला अशा तीन-चार आठवणी आहेत आणि त्या मी जपून ठेवल्या आहेत.

एकच दिवस जमणार असेल तर कोणता निवडू?

रविवार. दुपारपासून रात्री दहापर्यंतचा लांब दिवस असतो, त्यामुळे सारंगापासून शेवटच्या भैरवीपर्यंत रागांची अख्खी चढण एका बैठकीत ऐकायला मिळते. गर्दी मात्र सगळ्यात जास्त त्याच दिवशी असते. गर्दी सोसत नसेल तर गुरुवार घ्या. आवडत्या कलाकाराच्या मागे दिवस निवडणार असाल तर तेही योग्यच, पण त्या कलाकाराच्या आधीच्यालाही पूर्ण ऐका.

अख्खा आठवडा पुण्यात असेन. सोमवार-मंगळवारी काय करू?

छोट्या बैठका शोधा. या शहरात गाण्याच्या जुन्या संस्था आहेत. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये सुरू केलेला भारत गायन समाज, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये काढलेलं गांधर्व महाविद्यालय, विद्यापीठातलं ललित कला केंद्र. अशा ठिकाणी आणि त्यांच्या आसपासच्या वर्तुळात कुठे ना कुठे गाणं होत असतं. त्याशिवाय घरगुती बैठका असतात. त्यांची जाहिरात होत नाही. कोणत्याही संगीत वर्गात जाऊन विचारलंत तर पत्ता मिळतो, आणि नव्या श्रोत्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

हॉलमधली बैठक आणि मंडपातलं गाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चाळीस माणसांच्या खोलीत ध्वनिक्षेपक नसतो किंवा नावापुरता असतो. गायकाचा श्वास ऐकू येतो, तबल्याची शाई (पुडीवरचा काळा गोल) बोलते, तंबोऱ्यातून निघणारा गंधार कानाला जाणवतो. मोठ्या मंडपात हे सगळं साऊंडवाल्याच्या हातातून तुमच्यापर्यंत येतं. म्हणून नव्या माणसाला मी सांगतो, आधी एक खोलीतली बैठक ऐक आणि मग मंडपात जा. मूळ आवाज कानात असला की मंडपातही तो शोधता येतो.

सकाळी काही असतं का?

असतं, आणि ते अनेकांना ठाऊकच नसतं. शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारक आहे. महोत्सवाच्या दिवसांत तिथे सकाळी ‘षड्ज’ आणि ‘अंतरंग’ असे उपक्रम होतात: कलाकारांवरचे माहितीपट आणि कलाकारांशी गप्पा. संध्याकाळी ज्याला दुरून ऐकायचं, तो सकाळी तुमच्यापासून दहा हातांवर बसून गुरूच्या तालमीच्या गोष्टी सांगत असतो. शिकणाऱ्या मुलांनी तर हे अजिबात चुकवू नये.

मला राग ओळखता येत नाहीत. कळेल का?

कळेल. राग ओळखणं आणि गाणं कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या आजीला एकाही रागाचं नाव सांगता यायचं नाही, पण गायक कुठे थकला, कुठे रंगला, हे ती अचूक सांगायची.

एकच गोष्ट शिकून या: सम. बडा ख्याल, म्हणजे सुरुवातीची संथ बंदिश, बहुधा विलंबित (संथ) एकतालात असतो. बारा मात्रा (ठोके), आणि इतक्या संथ की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पुरं व्हायला पाऊण मिनिट, कधी एक मिनिटही लागतं. एवढ्या वेळात गायक कुठेही हिंडतो, पण शेवटी बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचे शब्द, उचलून बरोबर पहिल्या मात्रेवर येतो. तबल्याचा ‘धिं’ आणि गायकाचा शब्द एकत्र पडतो, तीच सम. सुरुवातीला ती सापडणार नाही. मग शेजारी बसलेल्या पांढऱ्या केसांच्या माणसाचा हात बघा. तो मांडीवर बोटं मोजत असतो आणि समेला तळवा पडतो. दोन आवर्तनं त्याच्याबरोबर चाला. तिसऱ्यात तुम्हाला मुखडा येताना आधीच जाणवेल. हे एकदा जमलं की पुढचे दोन तास कसे गेले ते कळत नाही.

द्रुतला, म्हणजे नंतरच्या जलद बंदिशीला, बहुधा तीनताल असतो. सोळा मात्रा, आणि नवव्या मात्रेला खाली. त्या भागात बायाँचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या वाद्याचा, घुमारा थांबतो. ते कानाने टिपलंत तरी पुष्कळ झालं.

कलाकार इतका वेळ तंबोरेच का लावत बसतात? श्रोते कंटाळतात.

हा प्रश्न मला जरा लागतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

मंडप बंदिस्त सभागृहासारखा नसतो. डिसेंबरात पुण्याची दुपार उबदार आणि रात्र चांगलीच थंड. दुपार ते रात्र तापमान झपाट्याने उतरतं, त्यात हवेतला दमटपणा वाढतो, आणि व्यासपीठावर दिव्यांची धग. यात प्रत्येक वाद्य आपापल्या दिशेने जातं. तंबोऱ्याची तार धातूची: थंडीने आखडते, स्वर चढतो. दिव्याखाली तापली की सैल पडते, स्वर उतरतो. तबल्याची पुडी कातड्याची: दमट हवेत ती ढिली पडते, स्वर उतरतो. कोरड्या उष्णतेने ताणली जाते, स्वर चढतो. म्हणजे रात्री गारठा वाढला की तंबोरा वर सरकतो आणि त्याच वेळी तबला खाली. ग्रीनरूममध्ये दोघं अगदी जुळवून आणावेत, तर व्यासपीठावर पाच मिनिटांत फारकत झालेली असते. म्हणून तबलजी हातोडी घेऊन गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या काठावर) ठोकत राहतो, वादीखालचे लाकडी गठ्ठे वरखाली करतो, आणि मागे बसलेली मुलं तंबोऱ्याच्या तारांतले मणी सरकवत राहतात. त्यातल्या त्यात माझी पेटी स्थिर. तिच्या पितळी सुरांना हवेचा फरक फारसा पडत नाही. म्हणून बहुतेक वेळा ‘जरा सा द्या’ असं म्हणत सगळे माझ्याकडे वळतात.

शिवाय गायक बदलला की पट्टी, म्हणजे ‘सा’ची उंची, बदलते. पुरुष बहुधा पेटीच्या काळी एक किंवा काळी दोनमध्ये गातात, स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास. त्यासाठी तंबोरे वेगळे, तबले वेगळे. दोन कार्यक्रमांमधली दहा-पंधरा मिनिटं यात जातात.

आणि तंबोरा लागणं म्हणजे चार तारा नुसत्या स्वरात येणं एवढंच नसतं. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा असतो, त्याला जीव म्हणतात. तो केसभर सरकवला की तारेचा आवाज एकदम उमलतो. ती जवारी. जवारी खुलली की खर्जाच्या (सगळ्यात खालच्या ‘सा’च्या) तारेतून गंधार (‘ग’) आपोआप ऐकू येऊ लागतो, कोणी वाजवत नसताना. किराणा घराणं या बाबतीत फार चोखंदळ. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले, त्या मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवण्याची पिढ्यानपिढ्यांची परंपरा आहे, आणि २०२४ साली तिथल्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यांचे भोपळे मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूला पिकतात. सवाईच्या व्यासपीठावर दिसणाऱ्या तंबोऱ्यांमध्ये मिरजेचा हात सर्रास आढळेल.

तेव्हा तंबोरे लागत असताना चहाला उठू नका. डोळे मिटून बसा आणि दोन तंबोरे कोणत्या क्षणी एक होतात ते ऐका. कार्यक्रम तिथूनच सुरू झालेला असतो.

साथीदार नेमकं काय करतात?

तबलजी ठेका धरतो. विलंबितात ठेका भरीव आणि सरळ ठेवणं किती अवघड असतं ते बघून कळत नाही. हात शिवशिवत असतात, पण गायकाची आलापी मोडू नये म्हणून तो स्वतःला आवरतो. गायकाने जागा दिली की मग एखादा तुकडा वाजवून समेवर येतो. ज्या तबलजीचा ठेका तुम्हाला जाणवलाच नाही आणि तरी गाणं तोललेलं वाटलं, त्याला मनापासून दाद द्या.

पेटीवाला गायकाच्या मागून चालतो. सावलीसारखा, पण सावली पुढे पडली की गायक अडखळतो. आमच्या वाद्यात मींड नाही. एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येत नाही, आणि पट्ट्यांचे स्वर ठरलेले. गायकाचा तोडीतला गंधार किंवा मारव्यातला रिषभ माझ्या पट्टीपेक्षा किंचित वेगळा लागतो. अशा वेळी मी तो स्वर दाबून धरत नाही. नुसता स्पर्श करून पुढे जातो, कधी तिथे गप्प राहतो. याच मर्यादांमुळे आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बंद केलं होतं आणि ती बंदी सत्तरच्या दशकापर्यंत पूर्णपणे सैल झाली नव्हती. पण महाराष्ट्राने पेटी सोडली नाही. गोविंदराव टेंब्यांपासून अप्पासाहेब जळगावकर, तुळशीदास बोरकर यांच्यापर्यंत इथे या वाद्यातून गायकी काढणारे वादक झाले. गायक एक लांबलचक आलाप संपवून श्वास घेतो, त्या फटीत पेटीवाला तोच आलाप दोन-चार सुरांत परत सांगतो. ती फट ऐका. आमची सगळी कमाई तिथे असते.

मागे तंबोरा घेऊन बसलेली मुलं कोण?

बहुधा गायकाचे शिष्य. तंबोऱ्यावर बसणं ही तालीमच आहे. मध्ये गुरूने नजर टाकली की त्यांनी स्वर द्यायचा असतो, आणि हजारो माणसांसमोर तो षड्ज पक्का लागला पाहिजे. त्यांच्याकडेही एकदा बघा.

कुठे बसू?

भारतीय बैठकही असते, खुर्च्याही असतात. गुडघे ठीक असतील तर खालीच बसा. मांडी घालून बसलं की लय अंगात उतरते. आवाजासाठी अगदी पुढची कड किंवा स्पीकरच्या तोंडासमोरची जागा टाळा. मधोमध, थोडं मागे, साऊंडवाल्याच्या टेबलाच्या आसपास आवाज सगळ्यात संतुलित असतो, कारण तोही तेच ऐकत असतो. ज्यांना तबलजीचे हात पाहायचे आहेत त्यांनी व्यासपीठाकडे तोंड केल्यावर डावी बाजू धरावी. तबलजी सहसा गायकाच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे आपल्या डावीकडे. पेटी त्याच्या समोरच्या बाजूला.

कसं यायचं, काय आणायचं, काय खायचं?

मेट्रोने स्वारगेटला उतरा आणि तिथून रिक्षा करा. गाडी आणाल तर पार्किंग शोधण्यात पहिला कार्यक्रम जाईल. शाल, कानटोपी, पाण्याची बाटली, भारतीय बैठक असेल तर पाठीला छोटी उशी. दुपारी उकडतं म्हणून लोक स्वेटर घरी ठेवतात आणि आठला कुडकुडतात. खाण्याचे स्टॉल आवारातच असतात. चहा मात्र दोन कार्यक्रमांच्या मध्येच प्या.

लहान मुलांना आणावं का?

आणा. झोपली तर झोपू द्या, मीही झोपलो होतो. नाच किंवा तालवाद्य असेल तो दिवस त्यांना जास्त आवडतो, कारण महोत्सवात गायनाबरोबर वादन आणि नृत्यही असतं. रडायला लागलं तर ताबडतोब बाहेर न्या, विशेषतः आलापी चालू असताना. आणि ‘हा कोणता राग, सांग बघू’ असं मुलांना अजिबात विचारू नका.

दाद कशी द्यायची? टाळ्या कधी वाजवायच्या?

मनात आलं की ‘वा’ म्हणा, हळू. टाळ्या बंदिश संपल्यावर. तिहाई (तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा) पडली की लगेच टाळ्यांचा कडकडाट होतो, हे आता फार वाढलं आहे. त्यात पुढचा मुखडा बुडतो आणि गायकालाही मग टाळीसाठी गाण्याचा मोह होतो. उलट संथ आलापात एखादा स्वर जिव्हारी लागला तर तिथे आलेला एक हुंकार आम्हाला व्यासपीठावर ऐकू येतो. गायक त्या दिशेला बघतो, आणि पुढचा आलाप त्या माणसासाठी असतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मोबाइल बंद. ध्वनिमुद्रण करू नका. समोरच्याच्या डोक्यावर उजळलेला पडदा असला की मागच्या दहा ओळींचं लक्ष उडतं.

मी स्वतः शिकतो आहे. या पाच दिवसांतून काय नेऊ?

वही आणा, पण गाणं चालू असताना लिहू नका. कार्यक्रम संपला की तीनच गोष्टी टिपा: राग, बंदिशीचा ताल, आणि मनात अडकलेली एक जागा. दुसऱ्या दिवशी सकाळी रियाजाला ती जागा तंबोऱ्यावर शोधा. दिवसाला एक याप्रमाणे पाच जागा. मी विशीत असताना सगळं पकडायच्या नादात पानंच्या पानं भरली होती आणि महिन्याभराने त्यातली एकही जागा गळ्यात किंवा हातात उरली नव्हती. पुढच्या वर्षी पाचच लिहिल्या. त्यातल्या दोन अजून वाजवतो.

साथीला बसणाऱ्यांनी एक संध्याकाळ फक्त साथीदारांना ऐकण्यासाठी ठेवावी. गायकाकडे बघायचंच नाही.

कलाकारांना भेटता येतं का?

गाणं झाल्यावर, शिस्तीत, दोन मिनिटं. गाण्याच्या आधी कधीच नको. त्या वेळी माणूस आतल्या आत षड्ज धरून बसलेला असतो. भेटलात तर ‘छान झालं’पेक्षा कोणती जागा आवडली ते सांगा. आणि साथीदारांशीही बोला. रात्री दहाला पेटी गवसणीत घालत असताना कोणीतरी येऊन म्हणतं, ‘मारव्यात तुम्ही धैवतावर थांबलात ते फार छान वाटलं,’ आणि मग घरी जाताना थंडी लागत नाही.

रविवारी शेवटपर्यंत थांबायलाच हवं का?

हो. पूर्वी शेवटचं गाणं पंडित भीमसेन जोशींचं असायचं. त्यांच्यानंतर तो मान बरीच वर्षं गायिका डॉ. प्रभा अत्र्यांकडे होता. २०२४ च्या जानेवारीत त्याही गेल्या. शेवटचा कलाकार उठला की अर्धा मंडप चपला शोधायला लागतो. तुम्ही बसून राहा. मग सवाई गंधर्वांची जुनी भैरवीची ध्वनिमुद्रिका लावतात. व्यासपीठावर कोणी नसतं. खरखर ऐकू येते, मग तो बारीक, धारदार आवाज. साऊंडवाले वायरी गुंडाळायचे थांबतात, उभे असलेले लोक जिथल्या तिथे राहतात. ती तीन-चार मिनिटं संपली की मंडपातले दिवे एकेक करून मालवायला लागतात, आणि मग तुम्ही उठा.